वाढीव शक्ती आणि मूळची शक्तिवाहक साखळी

१. प्रश्नाचे स्वरूप

नीरा आणि भीमा या दोन नद्यांचा जेथे संगम होतो तेथे, इंदापूर तालुक्याच्या व त्याचबरोबर पुणे जिल्ह्याच्याही आग्नेय टोकाला, नरसिंहपूर हे क्षेत्र वसलेले आहे. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा तालुका. तिन्ही बाजूंच्या काळ्या रानात ऊस हे मुख्य पीक. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे या रानांतून निघालेला ऊस बिजवडी, शहाजीनगर, भवानीनगर, अकलूज अशा ठिकाणच्या कारखान्यांकडे जाऊ लागतो. एका ट्रॅक्टरामागे दोन भरलेल्या ट्रॉल्या हे या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य होय.

अशा ट्रॅक्टराच्या मालकापुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. एंजिन जुने पण सुस्थितीत आहे. इंधनपंपाची जुळणी बदलून अथवा मोठे एंजिन बसवून त्याची शक्ती ३५ अश्वशक्तीवरून ४५ अश्वशक्तीपर्यंत नेता येईल. परंतु क्लच, गिअर-पेटी, क्राउन-पिनियन आणि अ‍ॅक्सल ही सर्व मूळचीच राहणार. ती टिकतील काय? हाच प्रश्न निराळ्या परिस्थितीत, निराळ्या हौसेने, जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे मालक गेली कित्येक दशके विचारीत आले आहेत. त्यांची मोटार टनभर वजनाची आणि वेगासाठी घडविलेली. येथील ट्रॅक्टर ओढण्यासाठी घडविलेला. तरीही दोन्ही ठिकाणी यंत्रशास्त्राचे नियम एकच आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर चांगला प्रकाश टाकते.

एंजिनापासून चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या सर्व घटकांना येथे ‘शक्तिवाहक साखळी’ असे म्हटले आहे. सामान्यतः या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या भाषेत दिले जाते: ‘ही पेटी ऐंशी अश्वशक्तीपर्यंत चालते’, ‘हा अ‍ॅक्सल शंभरापुढे टिकत नाही’. ही भाषाच मुळात दिशाभूल करणारी आहे. दंड अश्वशक्तीने तुटत नाही. तो पिळाने तुटतो. आणि त्याच्या वाट्याला किती पीळ येईल हे एकट्या एंजिनावर ठरत नाही.

२. शक्ती आणि पीळ

कारखान्यांत ज्याला टॉर्क म्हणतात तो पीळ म्हणजे फिरविण्याचा जोर. शक्ती म्हणजे तो जोर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. हा भेद ध्यानात येण्यासाठी जुन्या गुऱ्हाळाकडे वळणे सोयीचे होईल.

लोखंडी चरकाला आडवी दांडी बांधून बैलजोडी गोल फिरविली जात असे. दांडीची लांबी तीन मीटर आणि बैलांची चाल ताशी सुमारे तीन किलोमीटर धरल्यास चरकाचा उभा दंड मिनिटास अडीच फेरे घेतो. जोडीची शक्ती एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७४६ वॉट, धरली तर दंडावरील पीळ जवळजवळ २,८०० न्यूटन-मीटर येतो. याउलट मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या तेल-एंजिनाच्या दंडावर केवळ २४ न्यूटन-मीटर पीळ असतो. शक्ती पाचपट, पण पीळ शंभराव्या हिश्शाहूनही कमी. बैलाचा दंड मनगटाएवढा जाड आणि एंजिनाचा दंड तुलनेने बारीक का, याचे कारण हेच आहे.

आता हेच पाच अश्वशक्तीचे एंजिन पट्टा व दंतचक्रे यांच्या साह्याने त्याच चरकाला जोडले असे समजावे. गुणोत्तर असे ठेवले की चरक पाचपट वेगाने, म्हणजे मिनिटास साडेबारा फेरे, फिरेल, तर त्याच्या दंडावरील पीळ पूर्वीइतकाच, २,८०० न्यूटन-मीटर, राहतो. उसाची कांडी पूर्वीसारखीच दोन-तीन घातली जातात. फक्त ती लवकर पिळून निघतात. परंतु वेग पूर्वीचाच ठेवून एकाच वेळी पाचपट ऊस कोंबला तर पीळ १४,००० न्यूटन-मीटरवर जाईल आणि चरकाचे दात अथवा दंड निकामी होईल. शक्ती दोन्ही प्रसंगी सारखीच आहे. एका प्रसंगी ती वेगाच्या रूपाने घेतली, दुसऱ्या प्रसंगी भाराच्या रूपाने. मूळची साखळी पहिल्याला मान देते, दुसऱ्याला नाही. पुढील सर्व विवेचन या एका भेदाचाच विस्तार होय.

३. साखळीचे दुवे

मागील चाके चालविणाऱ्या मोटारीत साखळीचा क्रम असा असतो: एंजिनानंतर क्लच, त्यानंतर गिअर-पेटी, प्रॉपेलर शाफ्ट, पिनियन व क्राउन चक्र, डिफरन्शिअल, दोन अर्धदंड आणि शेवटी चाके. क्लचच्या ठिकाणी पीळ एंजिनाइतकाच असतो. गिअर-पेटीतून बाहेर पडताना तो निवडलेल्या गिअरच्या गुणोत्तराने वाढतो, आणि क्राउन-पिनियनपाशी अंत्य गुणोत्तराने पुन्हा वाढतो. म्हणून साखळीच्या प्रारंभीचे दुवे अधिक वेगाने पण कमी पीळ घेऊन फिरतात, तर शेवटचे दुवे सावकाश पण प्रचंड पीळ घेऊन फिरतात.

ट्रॅक्टरात बहुधा डिफरन्शिअलच्याही पुढे, चाकाजवळ, आणखी एक मोठी दंतचक्रांची जोडी असते. वेग कमी करण्याचे शेवटचे काम ती करते. त्यामुळे क्राउन-पिनियन व डिफरन्शिअल यांना चाकावरचा पूर्ण पीळ सोसावा लागत नाही. तो सोसण्याचे काम केवळ शेवटच्या जोडीवर व चाकाच्या दंडावर पडते. मोटारीत ही सोय नसते. कारण तेथे गुणोत्तर लहान असते आणि वजन वाढविणे परवडत नाही.

४. दोन मर्यादा

चाकावर येणाऱ्या पिळाला दोन मर्यादा आहेत. पहिली एंजिनाची: एंजिनाचा कमाल पीळ गुणिले एकूण गुणोत्तर. दुसरी जमिनीची: चाकावरील भार, टायर व रस्ता यांमधील पकड आणि चाकाची त्रिज्या यांचा गुणाकार. या दोहोंपैकी जी लहान, तीच स्थिर चालीत प्रत्यक्षात लागू पडते. जमिनीची मर्यादा ओलांडली की चाक घसरते. आणि घसरणारे चाक साखळीला आणखी पीळ घेऊ देत नाही.

इंग्लंडमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. ही स्पोर्ट्स मोटार या गणितासाठी उत्तम उदाहरण आहे. कारण तिच्या बाबतीत खाजगी कारागिरांनी आणि पुढे खुद्द उत्पादकांनीही हा प्रयोग करून पाहिला. तिच्या १,७९८ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी एंजिनाचा कमाल पीळ सुमारे १४९ न्यूटन-मीटर होता. १९६७ नंतरच्या गिअर-पेटीत पहिल्या तीन गिअरांची गुणोत्तरे ३.४४, २.१७ आणि १.३८ अशी होती, चौथा गिअर सरळ होता, आणि अंत्य गुणोत्तर ३.९ होते. घर्षणातील घट सोडून दिल्यास मागील चाकांवरील एकूण पीळ पहिल्या गिअरमध्ये २,०००, दुसऱ्यात १,२६०, तिसऱ्यात ८०० आणि चौथ्यात ५८० न्यूटन-मीटर येतो.

आता जमिनीची मर्यादा पाहावी. दोन माणसांसह, वेग घेताना, मागील चाकांवर ६२० किलोग्राम भार, पकडीचा गुणांक ०.८ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरल्यास ही मर्यादा सुमारे १,४६० न्यूटन-मीटर येते. म्हणजे मूळ एंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये कोरड्या रस्त्यावर चाके घसरवू शकते. बाकीच्या तीन गिअरांत मात्र एंजिनाचीच मर्यादा लागू पडते.

याच साखळीला २६२ न्यूटन-मीटर पीळ देणारे रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरी एंजिन जोडले तर काय होईल? चार गिअरांतील आकडे अनुक्रमे ३,५२०, २,२२०, १,४१० आणि १,०२० असे होतात. पण पहिले दोन आकडे कागदावरचेच राहतात. कारण जमीन १,४६० च्या पलीकडे काही देत नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात, आणि दोन्ही सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहेत.

पहिला असा की अर्धदंडावरील कमाल पीळ जवळजवळ वाढतच नाही. पूर्वी तो केवळ पहिल्या गिअरमध्ये, मोटार जागची हलविताना, कमाल मर्यादेस पोहोचत असे. आता तो पहिल्या, दुसऱ्या आणि जवळजवळ तिसऱ्याही गिअरमध्ये पोहोचतो. वाढते ते कमाल ताणाचे प्रमाण नव्हे, तर त्याच्या प्रसंगांची संख्या. दुसरा असा की खरा वाढीव बोजा गिअर-पेटीवर पडतो, आणि तोही वरच्या गिअरांत. तिसऱ्या गिअरमध्ये चाक घसरत नाही, त्यामुळे पेटीला एंजिनाचा सर्व पीळ, म्हणजे पूर्वीपेक्षा ७६ टक्के अधिक, दातांवर घ्यावा लागतो. चौथ्या गिअरमध्ये पीळ तेवढाच असला तरी तो सरळ दंडातून जातो. दातांवर येत नाही. म्हणून अशा मोटारीत पहिल्या गिअरची चिंता वाहण्यापेक्षा तिसऱ्या गिअरची जोडी व तिला आधार देणाऱ्या दुय्यम दंडाचे बेअरिंग तपासणे अधिक शहाणपणाचे ठरते.

यातून तिसरीही एक गोष्ट ओघाने सिद्ध होते. रुंद व नव्या बनावटीचे टायर बसवून पकडीचा गुणांक ०.८ वरून १.० वर नेला, तर जमिनीची मर्यादा १,४६० वरून १,८२० च्या वर जाते. एंजिनाला हातही न लावता अर्धदंडावरील कमाल बोजा चतुर्थांशाने वाढला. टायर बदलणाऱ्याला आपण साखळीवर भार घातला असे वाटत नाही. पण तो घातलेला असतो.

५. उत्पादकांची साक्ष

ही गणिते उत्पादकांनाही मान्य होती, असे त्यांच्या कृतीवरून दिसते. १९७३ ते १९७६ या काळात एम. जी. बी. जी. टी. व्ही-८ ही मोटार कारखान्यातूनच रोव्हरच्या एंजिनासह बाहेर पडली. तिच्या गिअर-पेटीची गुणोत्तरे बदलण्यात आली आणि अंत्य गुणोत्तर ३.९ ऐवजी ३.०७ ठेवण्यात आले. या एका बदलाचा अर्थ मार्मिक आहे. गुणोत्तर तेच ठेवले असते तर सरळ गिअरमध्ये क्राउन चक्रावरील पीळ ७६ टक्क्यांनी वाढला असता, ३.०७ मुळे ती वाढ ३८ टक्क्यांवर आली. शिवाय क्राउन चक्राच्या त्याच आकारात गुणोत्तर लहान करावयाचे म्हणजे पिनियन मोठे करावे लागते, आणि मोठ्या पिनियनचे दात व मान दोन्ही अधिक मजबूत असतात. वाढीव शक्ती ओढीच्या रूपाने न घेता वेगाच्या रूपाने घेण्याचा हा मार्ग होय. चरक पाचपट वेगाने फिरविण्याचीच ही निराळी तऱ्हा.

त्याआधी, १९६४ मध्ये, सनबीम अल्पाइन या मोटारीच्या सांगाड्यात फोर्डचे आठ सिलिंडरी एंजिन घालून सनबीम टायगर तयार झाली, तेव्हा गिअर-पेटी व मागील अ‍ॅक्सल दोन्ही बदलण्यात आली.

भारतातील उदाहरणाचा धागा तर इंदापूर तालुक्यातच सापडतो. नरसिंहपूरच्या वरच्या अंगाला, नीरेच्याच खोऱ्यात, वालचंद हिराचंद यांनी वसविलेले वालचंदनगर आहे; साखरेच्या कारखान्यांची यंत्रसामग्री व मोठ्या दंतचक्र-पेट्या यांसाठी ते प्रसिद्ध आहे. याच वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही संस्था स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, पुढे पद्मिनी, ही मोटार १,०८९ घन सेंटिमीटर एंजिनावर कित्येक दशके चालली. १९८५ मध्ये त्याच संस्थेने ११८ एन. ई. ही मोटार काढली, तेव्हा तिच्यासाठी निसानचे १,१७१ घन सेंटिमीटरचे एंजिन निवडले आणि त्याच्याच जोडीची गिअर-पेटीही घेतली. पुढे अँबॅसडर मोटारीत इसुझूचे १.८ लिटरचे एंजिन आले, तेव्हा त्याबरोबर पाच गतींची नवी पेटी आली. एंजिन आणि गिअर-पेटी हे एक जोडपे आहे, एकट्या नवऱ्याला नव्या घरी पाठवू नये, हा व्यवहार उत्पादकांनी सर्वत्र पाळलेला दिसतो.

६. धक्का आणि शिणवटा

वर सांगितलेल्या मर्यादा स्थिर चालीच्या आहेत. प्रत्यक्षात साखळी तुटते ती बहुधा धक्क्याने अथवा शिणवट्याने.

एंजिन वेगात असताना क्लच एकाएकी सोडला की जड गतिपालचक्रात साठलेली ऊर्जा क्षणार्धात साखळीत उतरते. त्या क्षणी पिळाला एंजिनाची मर्यादा उरत नाही. क्लच जेवढा पीळ न घसरता वाहू शकेल तेवढा तो वाढतो. या दृष्टीने क्लच हा विजेच्या मंडलातील फ्यूजसारखा आहे. मूळचा क्लच एंजिनाच्या कमाल पिळाहून काहीसा अधिक पीळ वाहील असा असतो. त्यापुढे तो घसरतो, आणि घसरून पुढच्या सर्व दुव्यांना वाचवितो. एंजिनाची शक्ती वाढविली की क्लच घसरू लागतो, म्हणून मालक अधिक ताठ स्प्रिंगांचा क्लच बसवितो. फ्यूज वितळतो म्हणून जाड तार घालण्यासारखेच हे आहे. त्यानंतर जे तुटावयाचे ते गिअर-पेटीत किंवा अ‍ॅक्सलमध्ये तुटते, आणि त्याची किंमत क्लचच्या कितीतरी पट असते. झिजलेल्या खाचा व सैल झालेले सांधे ही धक्क्याची दुसरी कारणे: मधली मोकळी जागा ओलांडताना दंड वेग घेतो आणि पलीकडच्या बाजूवर आदळतो.

शिणवट्याचा इतिहास मोटारीहून जुना आहे. १८४२ मध्ये पॅरिस-व्हर्साय मार्गावर म्यूदाँ येथे झालेला भीषण रेल्वे-अपघात एंजिनाचा अ‍ॅक्सल मोडल्यामुळे झाला होता. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या अ‍ॅक्सलांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखविले की एकदा लावलेला जो ताण पोलाद सहज सोसते, तोच लक्षावधी वेळा लावला असता त्यास तडा जातो. आणि ताण एका विशिष्ट पातळीखाली ठेवला तर पोलाद जवळजवळ अमर्याद फेरे सोसते. म्हणून ‘गाडी आठवडाभर चालविली, काही झाले नाही’ हा पुरावा निरर्थक होय. बॉल बेअरिंगच्या बाबतीत तर नियम स्पष्टच आहे: त्याचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार २८ टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्म्याहून खाली येते. भार दीडपट झाला की ते तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते.

याच घनाच्या नियमाची दुसरी, उपकारक बाजूही आहे. दंडाची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरऐवजी २७ मिलिमीटर व्यासाचा दंड त्याच पोलादाचा असला तरी चतुर्थांशाहून किंचित अधिक पीळ सोसतो. दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. पण साखळीचे भवितव्य तो ठरवू शकतो. अर्थात खाच, ओरखडा किंवा गंज यांनी पडलेला बारीकसा दोष हा लाभ पुसून टाकण्यास पुरेसा होतो. कारण शिणवट्याचा तडा नेहमी अशाच ठिकाणी जन्म घेतो.

७. नरसिंहपूरच्या रस्त्यावर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उदाहरणासाठी ३५ अश्वशक्तीचा, मिनिटास २,००० फेरे घेणारा ट्रॅक्टर घ्यावा. त्याच्या एंजिनाचा पीळ सुमारे १२५ न्यूटन-मीटर. ४५ अश्वशक्ती केल्यास तो १६० होईल. चाकाची त्रिज्या ०.६५ मीटर धरली तर ताशी दोन किलोमीटरच्या सर्वांत खालच्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर २४५ च्या आसपास आणि ताशी २५ किलोमीटरच्या सर्वांत वरच्या गिअरमध्ये १९.६ येते. मागील चाकांवर १,३०० किलोग्राम भार व पकडीचा गुणांक ०.७ असता जमिनीची मर्यादा ५,८०० न्यूटन-मीटर होते.

खालच्या गिअरमध्ये मूळ एंजिनच ३०,००० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ देऊ पाहते, म्हणजे जमिनीच्या मर्यादेच्या पाचपट. स्पोर्ट्स मोटारीत जी स्थिती मोठे एंजिन बसविल्यावर येते, ती ट्रॅक्टरात प्रथमपासूनच असते. म्हणून खालच्या गिअरांत एंजिन वाढविल्याने अ‍ॅक्सलवरील बोजा मुळीच वाढत नाही. चाक आधीही घसरत होते, आताही घसरेल.

रस्त्यावरील वरच्या गिअरांत प्रश्न निराळा होतो. ट्रॅक्टर व दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून १६ टन धरावे. डांबरी सपाट रस्त्यावर चाकांच्या चालण्याचा रोध वजनाच्या अडीच टक्के धरल्यास अ‍ॅक्सलवर २,५५० न्यूटन-मीटर पीळ लागतो. मूळ एंजिन वरच्या गिअरमध्ये २,४४० न्यूटन-मीटर देते. म्हणजे ते किंचित अपुरे पडते आणि चालकाला एक गिअर उतरावा लागतो. वाढविलेले एंजिन ३,१४० देते आणि वरच्या गिअरमध्ये निभावून नेते. दोन टक्के चढावर लागणारा पीळ सुमारे ४,६०० न्यूटन-मीटर. तेथे दोन्ही एंजिनांना गिअर उतरावाच लागतो, फक्त मोठे एंजिन तो चढ थोड्या अधिक वेगाने चढते.

येथे मर्माची गोष्ट ही की त्याच ओझ्याने त्याच रस्त्यावर एकसारखे चालताना अ‍ॅक्सलवरील पीळ दोन्ही एंजिनांत अगदी सारखा असतो. तो ओझे आणि रस्ता ठरवितात, एंजिन नव्हे. वाढीव शक्ती मिळाली ती वेगाच्या रूपाने. क्लच व गिअर-पेटीचा पुढचा भाग यांवरील बोजा मात्र २८ टक्क्यांपर्यंत वाढतो; तेवढ्यापुरती त्यांची तपासणी आवश्यक आहे.

मग ट्रॅक्टरांचे अ‍ॅक्सल तुटतात ते का? कारण वाढलेली शक्ती वेगाच्या रूपाने घेऊन मालक क्वचितच थांबतो. खेप वाढली तर भाडे वाढते. ‘आता एंजिन ओढते आहे’ म्हणून ट्रॉलीवर आणखी ऊस रचला जातो. १६ टनांचे २४ टन झाले की त्याच दोन टक्के चढावर ६,९०० न्यूटन-मीटर पीळ हवा. जमीन तर ५,८०० च देते, चाक घसरते. मग मागील चाकांवर लोखंडी वजने चढविली जातात, टायरांत पाणी भरले जाते, ट्रॉलीचा भार पुढे सरकवून जोडाच्या आकड्यावर घेतला जातो. अशा रीतीने मागील चाकांवर २,००० किलोग्राम भार आला की जमिनीची मर्यादा ८,९०० वर जाते. जी मर्यादा साखळीचे रक्षण करीत होती, ती मालकाने स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवली. अ‍ॅक्सल मोडतो तेव्हा दोष पंपाला दिला जातो. वस्तुतः तो वजनांचा व रचलेल्या उसाचा असतो.

या मोडण्याचे परिणाम केवळ खर्चाचे नसतात. अनेक ट्रॅक्टरांत ब्रेक हे चाकापाशी नसून अंत्य दंतचक्रांच्या आधीच्या दंडावर बसविलेले असतात. त्यापुढचा दंड चढावर तुटला म्हणजे त्या चाकाची ओढ आणि त्या चाकाचा ब्रेक ही दोन्ही एकाच क्षणी नाहीशी होतात, आणि मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात. वेग वाढविला तरीही हा विचार सुटत नाही: थांबविताना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेक तर मूळचेच राहिलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते, त्यामागे हीच दृष्टी आहे.

८. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून अशा फेरबदलाचा निर्णय कोणत्या क्रमाने करावा हे निश्चित होते. प्रथम नव्या एंजिनाचा कमाल पीळ पाहावा, अश्वशक्ती नंतर. वाढ केवळ फेऱ्यांच्या वाढीतून आली असेल आणि पीळ तेवढाच असेल, तर पिळापुरती मूळची साखळी तो बदल बहुधा सोसते; मात्र दंडांचा तोल, बेअरिंगे व तेल यांची वाढत्या वेगाच्या दृष्टीने पाहणी करावी. दुसरे, प्रत्येक गिअरसाठी एंजिनाची व जमिनीची मर्यादा काढून त्यांतील लहान आकडा घ्यावा, आणि तो कोणत्या गिअरांत पूर्वीपेक्षा वाढला हे पाहावे. कमकुवत दुवा तेथेच सापडेल. तिसरे, टायर, वजने व ओझे यांत होणारा प्रत्येक बदल हा साखळीवरील बोजातील बदल समजावा. चौथे, शक्य असेल तेथे अंत्य गुणोत्तर लहान करून वाढीव शक्ती वेगाकडे वळवावी. मात्र ब्रेक त्या वेगाच्या योग्यतेचे असल्याशिवाय हे करू नये. पाचवे, क्लच गरजेपेक्षा ताठ करू नये. साखळीत एक स्वस्त व सहज बदलता येणारा दुवा जाणूनबुजून दुबळा ठेवणे हे चांगल्या रचनेचे लक्षण आहे. आणि शेवटी, जुन्या दंडांची तडे शोधण्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही गणितावर विसंबू नये; कारण गणित नव्या पोलादाचे असते आणि दंड तीस वर्षे शिणलेला असतो.

मूळची साखळी वाढीव शक्ती सोसेल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकच आकडा देता येत नाही. एम. जी. बी.च्या मालकाला ते टायरांत व तिसऱ्या गिअरमध्ये शोधावे लागेल, नरसिंहपूरच्या ट्रॅक्टर-मालकाला ट्रॉलीवरील उसात व चाकावरील वजनांत. चरकाचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे: अधिक शक्तीने तेवढाच ऊस लवकर गाळला तर चरक टिकतो, अधिक शक्ती आहे म्हणून अधिक ऊस कोंबला तर तो मोडतो.